वरचा कोंड, तालुका पोलादपूर

अंकिताची समीक्षा झाली ती तांदळाच्या ताटात. नवरदेवाने, भरतने, अंगठीने तांदळावर नवं नाव काढलं, ते वाचायला बायकांनी एकमेकींना कोपरं मारली, पेढे वाटले गेले, आणि जन्मापासून ज्या हाकेला ती वळून बघत आली होती ती हाक त्या संध्याकाळपासून बंद झाली. आपल्याकडे हे इतकं सरसकट चालतं, की जुन्या नावाचं पुढे काय करायचं हे कुणी विचारतही नाही. जुन्या लुगड्याची निदान गोधडी तरी होते.

महाडात तिला अजून 'अंकू' म्हणणारा एकच माणूस होता, राजेश. राजेश तिचा मालक, आणि रिवाजाने भाऊ. अंकिता चांगूची एकुलती एक. सख्खा भाऊ नाही, आणि चुलत होता त्याला मुंबईत सुट्टी मिळाली नाही. लग्नात नवरदेवाचा कान पिळायची वेळ आली तेव्हा मांडवात चुळबूळ सुरू झाली, की आता भाऊ म्हणून उभा कोण राहणार? तेव्हा महाडहून आलेला हा शहरी माणूस बूट काढून पुढे झाला आणि त्याने भरतचा कान असा पिळला, की भरत अजून त्यावरून कुरकुरतो. "माझ्या बहिणीला नीट सांभाळायचं," असंही त्याने दरडावलं. चांगूने उपरण्याने डोळे पुसले. त्यानंतर दर भाऊबीजेला राजेश ओवाळून घ्यायला येऊ लागला आणि ऑफिसातले 'सर' 'दादा' झाले. हे एवढं आधी सांगून ठेवलं, कारण त्याशिवाय पुढचं तिच्या मनाला का लागलं ते कळायचं नाही.

राजेशची कंपनी म्हणजे बाजारपेठेतल्या दोन खोल्या. तिथे 'गावगाडी' नावाचा प्रोग्राम तयार होतो. डोंगरातल्या वाड्या निम्म्या मुंबईत असतात. गणपतीला आणि शिमग्याला त्यांची मंडळं गाड्या ठरवतात, आणि कुठल्या वाडीची माणसं किती, कुठे चढणार, कुठे उतरणार, ही सगळी जुळवाजुळव हा प्रोग्राम करतो. सुरुवात राजेशने केली, पण त्याला चालता केला अंकिताने, कॉलेज संपल्यासंपल्या. त्यातली एक ओळ तर तिच्याशिवाय कुणाला सुचलीच नसती: नुसतं गावाचं नाव बघू नको, तालुकाही बघ. तिचं माहेर वरचा कोंड, उमरठच्या पलीकडे, पोलादपूर तालुक्यात. दुसरा वरचा कोंड महाड तालुक्यात. आपल्या मुलखाला नावं ठेवायचा कंटाळा. वर असेल तो वरचा, खाली असेल तो खालचा. तेव्हा 'वरचा कोंड, तालुका पोलादपूर' असं पुरतं म्हटल्याशिवाय तिकडचा माणूस कुणाला आपला पत्ता सांगत नाही.

यंदा मुंबईतल्या एका मोठ्या कंपनीने गावगाडी विकत घ्यायचं ठरवलं. त्यांच्या बाजूने मानसी नावाच्या बाई बोलत असत. गोड बोलायच्या, पण एकदा धरलं की सोडायच्या नाहीत. "नुसता आजचा प्रोग्राम नको," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासूनचा इतिहास हवा, आणि तो गिटमध्ये हवा. कुणी काय लिहिलंय ते कळल्याशिवाय आम्ही काही विकत घेत नाही."

प्रोग्राम लिहिणारी माणसं केलेला प्रत्येक बदल एका ठिकाणी जमा करत जातात. कुणी केला, कधी केला, काय बदललं, हे तिथे आपोआप टिपलं जातं. राजेशकडे त्यासाठी पूर्वी एसव्हीएन नावाची जुनी व्यवस्था होती, सगळं एकाच सर्व्हरवर ठेवणारी. आता सगळे गिट वापरतात. एकातला इतिहास दुसऱ्यात नेणं म्हणजे घर बदलण्यासारखं आहे. भांडी कुणीही उचलून नेईल, पण कुठलं भांडं कुणी, कुठल्या कार्याला दिलं, हेही जसंच्या तसं न्यायचं असतं.

"इतिहास पुरात गेला हो," राजेश फोनवर म्हणाला. ते खरंच होतं. महापुरात त्यांचं तळमजल्यावरचं ऑफिस बुडालं, सर्व्हर चिखलातून उपसून भंगारात घातला. मग राजेशच्या लॅपटॉपमधली शेवटची प्रत घेऊन त्यांनी वरच्या मजल्यावर गिटमध्ये नव्याने संसार मांडला. मागचं काहीच नव्हतं. प्रोग्राम जणू एका दिवसात आभाळातून पडला होता.

समीक्षा समोरच बसली होती. तिचा चेहरा फुलला. "दादा, माझ्याकडे आहे ना. सर्व्हरची पुरी प्रत. पुराच्या आधी काढली होती. घरी कपाटात लग्नातल्या शालूखाली डिस्क पडून आहे."

राजेशने फोनवर हात ठेवला. "अंकू, कशाला उगाच व्याप? पाण्यात गेलं ते गेलं."

"व्याप कसला? तुमचं काम अडलंय आणि मी हातावर हात ठेवून बसू?"

हात ठेवला तरी फोनला ऐकू जायचं ते गेलंच. पलीकडून मानसी म्हणाल्या, "वा, मग प्रश्नच मिटला." राजेश हसला. ते हसणं ओठांपुरतं होतं, पण समीक्षाला वाटलं, आपली दमछाक होईल म्हणून दादाचा जीव वरखाली होतोय. ज्याला देव्हाऱ्यात बसवलं त्याच्या कपाळावरची आठीसुद्धा आपल्याला गंध वाटते.

आता त्या गणपतीबद्दल सांगायला हवं.

तिचं लग्न झालं त्याच वर्षी गणपतीला वरच्या कोंडाची मुंबईतली माणसं मखराचं सामान, पिशव्या, पोरंबाळं घेऊन ठरल्या जागी उभी राहिली. गाडी आलीच नाही. प्रोग्रामने दोन्ही वरचे कोंड एकच धरले, एक गाडी जास्तीची म्हणून रद्द केली, आणि उरलेली महाड तालुक्यातल्या वरच्या कोंडाला सुटली. पोलादपूरची माणसं मिळेल त्या वाहनाला लटकत घरी पोचली तेव्हा दुसऱ्या दिवसाची दुपार कलली होती. तोवर गणपती बसून गेले होते. बनुबाईच्या घरी बसवायला पुरुषमाणूस नव्हता. शेजाऱ्याने येऊन मूर्ती पाटावर ठेवली आणि घरातला मुलगा पोचला तो उत्तरपूजेची वाट बघायला. बाहेरच्यांनी याला हसावं. कोकणातला माणूस सख्ख्या भावाच्या लग्नाला उशिरा पोचेल, गणपतीला नाही.

"मशीन कुणाचं? चांगूच्या पोरीचं," बनुबाई पाणवठ्यावर म्हणाली. "साऱ्या मुलखाच्या गाड्या बरोबर गेल्या गो, आपल्याच गावाला इसरली. लगीन झालं, परकी झाली."

समीक्षा तेव्हा नवी नवरी. ती धावत राजेशकडे गेली. असं झालंच कसं? राजेशने पडद्यावर ती फाईल उघडली. कुठली ओळ कुणाची असं एसव्हीएनला विचारलं, की ते ओळीओळीपुढे लिहिणाऱ्याचं नाव दाखवतं. तालुका बघणारी ओळ गेली होती. तिच्या जागी जी नवी ओळ होती, तिच्यापुढे नाव होतं: अंकिता.

"लग्नाची गडबड होती, अंकू. होतं असं," राजेश म्हणाला. "मी मंडळवाल्यांशी बोलतो. तू कुणापुढे जाऊ नकोस. मी आहे ना."

त्या प्रश्नाला उत्तर म्हणून फक्त नाव येतं, तारीख येत नाही. तारीख हवी असेल तर ती वेगळी मागावी लागते. शरमेने मान खाली घातलेल्या मुलीने ती मागितली नाही. जिने स्वतः तालुक्याची ओळ घातली तीच ती काढून कशी टाकेल, हा प्रश्न तिला पडला होता. पण नाव समोर दिसत होतं आणि दादा समजून घेत होता, मग तिने तो प्रश्न गिळला.

गिळला तो असा अंगी लागला, की पुढे पुण्याची नोकरी चालून आली ती तिने नाकारली. ज्याने आपली चूक पोटात घातली त्याला सोडून कसं जायचं? राजेश अधूनमधून चिडायचा तेव्हा ती मुकाट ऐकून घ्यायची. आणि तिकडे चांगू गावकीच्या बैठकीत उभा राहिला, देवापुढे नारळ ठेवला आणि म्हणाला, "माज्या लेकीची चूक, ती माजी चूक." त्याआधी गावकीत चांगूच्या शब्दाशिवाय पान हलत नसे. त्यानंतर तो तिथे दाराशी बसू लागला आणि विचारलं तरच बोलू लागला. समीक्षा माहेरी गेली की बनुबाईच्या अंगणाला वळसा घालून जायची. तिला खरं लागलं होतं ते बापाचं दाराशी बसणं.

डिस्क निघाली, जोडली गेली, चालली. इतिहास हलवणारं साधन प्रत्येक जुन्या लॉगिनपाशी थांबून विचारतं, हा कोण? त्याचं पूर्ण नाव सांगा. राजेश झाला. पुण्याला निघून गेलेला हर्षद झाला. समीक्षा झाली. लग्नाहून परत आल्या दिवशी राजेशने तिला हे नवं लॉगिन दिलं होतं, 'नवं नाव, नवी सुरुवात' म्हणून, आणि तिला किती भरून आलं होतं. उरली अंकिता. तिथे तिने माहेरचं पूर्ण नाव घातलं आणि काम पुढे सोडलं.

इतिहास आला, पण आला म्हणजे बरोबरच आला असं समजणारी ती नव्हती. जुन्यातली नोंद नि नोंद नव्याशी ताडून बघायची, प्रत्येक टप्प्यावरचा प्रोग्राम दोन्हीकडे सारखाच उघडतो का बघायचं, मग तारखा. तारखांत हमखास घोळ होतो. जुना सर्व्हर वेळ विलायतेच्या घड्याळाने ठेवतो, आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे. कुठे दुरुस्ती राहिली, तर पहाटेचं काम आदल्या दिवसावर जातं. म्हणून तिने ताडून बघायला अशी तारीख निवडली जी तिला पाठ होती. लग्नाच्या आधी आठवडाभर ती रजेवर गेली होती. तेव्हा 'अंकिता' नावाची शेवटची नोंद आठवडाभर आधीचीच असणार.

ती तशी नव्हती. शेवटची नोंद लग्नाच्या आदल्या दिवसाची होती, सकाळी अकराची.

आपलंच काही चुकलं, असं तिने धरलं. साडेपाच तास पुढे ढकलले, मागे ढकलले, तरी दिवस हलेना. मूळ डिस्कवर बघितलं. तिथेही तेच. त्याच दिवशी थोड्या वेळाने राजेशने स्वतःच्या नावाने केलेली एक साधी नोंद होती आणि तिची वेळही ऑफिसच्या वेळेत बसत होती, म्हणजे घड्याळ ठीक होतं. मग त्या अकराच्या नोंदीत काय बदललं ते तिने उघडलं. एक ओळ बदलली होती. तालुका बघणारी.

त्या दिवशी सकाळी अकरा वाजता ती वरच्या कोंडाला पडवीत पाटावर बसली होती. कोपरापर्यंत हळद. हळद लागलेल्या मुलीने घराबाहेर पडायचं नाही, म्हणून पाणीसुद्धा दुसऱ्याच्या हातून. आणि तेव्हाच राजेशचा फोन आला होता. तिचे हात भरलेले, म्हणून बापाने फोन तिच्या कानाला धरला. "अंकू, एक प्रिंट काढायची होती तुझ्या फोल्डरमधून. पासवर्ड सांगतेस?" भावाला काय लपवायचं? तिने भर बायकांत मोठ्याने सांगितला होता, 'वरचाकोंड'. बायका हसल्या होत्या, गावाचं नाव काय ते, चावी कसली त्यात.

ती खुर्चीत तशीच बसून राहिली. आधी तिला चक्क हलकं वाटलं. मी नव्हतेच. मी गावाला विसरले नव्हते. मग राजेशचा चेहरा आठवला, 'मी आहे ना' म्हणणारा, आणि ती उठून मोरीशी जाऊन उभी राहिली. आठ वर्षं ती ज्या माणसाचे उपकार फेडत होती त्यानेच तिचं ताट उष्टं केलं होतं, आणि वर तिला माफ केलं होतं. नुसती चूक केली असती तर एकवेळ चाललं असतं. त्या माफीची तिला शिसारी आली.

पण बापाला सांगायची घाई त्याहून मोठी होती. शनिवारी ती एसटीने पोलादपूरला उतरली. महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या आंबेनळी घाटाच्या बाजूला वळत होत्या. ती उमरठच्या जीपमध्ये बसली, पुढचा चढ पायी चढली, आणि आठ वर्षांत पहिल्यांदाच बनुबाईच्या अंगणातून सरळ गेली.

चांगू पडवीत बसून कोयत्याने कुंपणाच्या काठ्या तासत होता.

"बाबा," ती पिशवीही न ठेवता म्हणाली, "ती गणपतीच्या गाडीची चूक माजी नव्हती."

"बस तर खरी. पानी पी."

"ऐक ना तू. ती ओळ मी काढलीच नाय. ज्या दिवशी काढली त्या दिवशी मी हितं होते. माजी हळद होती त्या दिवशी."

चांगूचा कोयता थांबला. त्याने काठी बाजूला ठेवली आणि खाली बघत म्हणाला, "सांगितलं म्हनायचं राजेशनं. बरं झालं."

समीक्षाला आधी ते उमगलंच नाही. मग हळूहळू उमगलं आणि तिने पिशवी खाली ठेवली.

"राजेशनं कायबी सांगितलं नाय, बाबा. मी शोधून काढलं. तुला ठावं होतं?"

चांगू पडलेल्या ढलप्या गोळा करू लागला.

"कधीपासून?"

"गावकीच्या आदल्या दिशी आला व्हता तो," चांगू म्हणाला. "हितंच बसला. रडला. म्हनला, काका, माज्या हातनं झालं, घाईत झालं. गावकीत माजं नाव सांगा. तसं म्हनला तो, खोटं कशाला बोलू."

"मंग का नाय सांगितलंस?"

"तुला भाऊ नाय गो," चांगू म्हणाला, आणि हे त्याने इतक्या साधेपणाने म्हटलं, की समीक्षाला त्याच्यावर ओरडताही येईना. "आज मी हाय. उद्या मी गेलो, तर म्हायेर म्हनून तुला कोन? त्यानं मांडवात कान पिळला, समद्यांनी बघितला. त्याचं नाव घेतलं असतं तर कोंडातल्या लोकांनी त्याला परत वर चढू दिला नसता. तुजं घेतलं, तर तू दिल्या घरची. आनि ते तर जुनं नाव. तू समीक्षा झालीवस. अंकिताला बोल लागला तर लागंल कुनाला?"

"मला लागला."

"मी बी सोसलाच ना. दाराशी बसतो मी."

"तुला कुनी सांगितलं व्हतं सोसायला? मला इचारलंस तरी?" तिचा आवाज चिरकला. "माज्यासाठी केलंस म्हनतोस, आनि मलाच चोर ठेवलंस. आठ वर्सं मी त्या बाईच्या अंगणातनं गेले नाय. मी त्याला ओवाळलं, बाबा. हितं या पडवीत ओवाळलं, तू बाजूला बसून बघत होतास."

चांगूने कोयता उचलला, पुन्हा ठेवला. लेकीसाठी भाऊ राखायचा म्हणून त्याने लेकीचंच नाव मोडीत काढलं होतं, आणि आतापर्यंत त्याला तो सौदा बरा वाटत होता.

"मंग आता सांग गावकीत," ती म्हणाली. "तूच सांग. मला थोडंच कुनी तिथं बोलू देनार हाय." ते खरं होतं. गावकीत बायका बोलत नाहीत, आणि दिलेल्या मुलींना तर तिथे जागाच नसते.

"आता कशाला? माणसं इसरली."

"बनुआत्या इसरली?"

चांगूने अर्धी तासलेली काठी पुन्हा मांडीवर घेतली. मग म्हणाला, "मी सांगितलं, तर भाऊबीजेला कोन येल गो तुज्याकडं?"

समीक्षा पाणी प्यायली नाही. ती उठली आणि उतार उतरून जीपची वाट बघत उभी राहिली. राजेशचा राग सोपा होता, तो जळतो आणि जळू द्यावा. बापाचा राग धरायला जागाच सापडेना, कारण त्यात सगळीकडे माया भरलेली होती. त्यात तिला एकटं वाटलं, असं एकटं तिला सासरी पहिल्या दिवशीही वाटलं नव्हतं.

सोमवारी मानसींचा व्हिडिओ कॉल होता, दुपारी. सकाळी राजेश चहाचे दोन कप घेऊन तिच्या टेबलाशी आला. तिने त्याच्याकडे न बघताच विचारलं, "माझ्या हळदीच्या दिवशी तुम्ही कुठली प्रिंट काढलीत?"

राजेशने कप खाली ठेवले. तो तिच्यासमोर बसला आणि त्याने लपवाछपवी केली नाही, हे त्याचं एक कबूल करायला हवं. मंडळाचे लोक दारात उभे होते, म्हणाला. यादी अडकत होती. तालुका काढल्यावर चालू लागली. आपण करतोय ते बरोबर की चूक याची त्याला खात्री नव्हती.

"खात्री नव्हती, म्हणून माझ्या नावाने?"

"तसं नव्हे, अंकू." त्याने तोंडावरून हात फिरवला. "मला वाटलं, उद्यापासून ते नाव कुणाचंच नाही. पुढे काही निघालंच तर त्या नावावर निघेल, आणि त्या नावाचं माणूस ऑफिसात नसेल. तुझ्यावर येईल असं मनातच आलं नाही, खरंच सांगतो. मी तुला अंकू म्हणतो, आणि तरी माझ्या लक्षात आलं नाही, की अंकिता म्हणजे तू."

हे खरं असावं. म्हणूनच ते जास्त लागलं. दावा धरून वाईट करणाऱ्याच्या निदान डोळ्यांसमोर आपण असतो.

"तुझ्या बाबांना मी सांगितलं होतं," तो म्हणाला.

"माहीत आहे. मला सांगायचं राहिलं तेवढं."

त्याने एक कप तिच्याकडे सरकवला. मग म्हणाला, "ती एक नोंद गाळून टाक. किंवा तिथे माझं नाव घाल. मला चालेल. मी घेतो माझ्यावर."

"एक जुनी नोंद हलवली की तिच्या पुढच्या सगळ्यांची खूण बदलते. मग तो इतिहास राहत नाही," समीक्षा म्हणाली. "जुनी चूक जुन्या जागी राहते. दुरुस्ती करायची ती नवी नोंद करून. पहिल्या आठवड्यात तुम्हीच शिकवलंत मला."

"मग चूक तुझ्याच नावावर राहील."

"राहू दे. तारीखही राहील."

चहावर साय धरली. कुणी प्यायला नाही.

दुपारी मानसी पडद्यावर आल्या तेव्हा खूश होत्या. इतकं स्वच्छ काम त्यांनी मोठ्या कंपन्यांतही पाहिलं नव्हतं, म्हणाल्या. राजेश शेजारच्या खुर्चीत बसून मान हलवत होता.

"एकच शंका आहे," मानसी म्हणाल्या. "सुरुवातीच्या वर्षांतलं बहुतेक सगळं काम अंकिता नावाच्या कुणाचं दिसतंय. फार चांगलं काम आहे. मग ते नाव एकदम थांबतं, आणि थांबताना शेवटची जी नोंद आहे ती अगदीच विचित्र आहे. स्वतःचंच चांगलं काम मोडून गेल्यासारखी. या अंकिताशी बोलता येईल का?"

"ती लग्न होऊन गेली," राजेश म्हणाला.

ते त्याच्या तोंडून आपसूक निघालं. आधी कुणी कुणी विचारलं असेल तेव्हा तो असंच म्हणत आला असेल. म्हणून झाल्यावर त्याचं त्यालाच ऐकू आलं आणि त्याने समीक्षाकडे पाहिलं.

"कुठे गेली नाही, मॅडम," समीक्षा म्हणाली. "अंकिता मीच. लग्नात नाव बदललं. आधीचं काम माझं आहे आणि नंतरचंही माझं आहे. ती मधली एक नोंद माझी नाही. त्या दिवशी माझी हळद होती, मी पोलादपूर तालुक्यात माझ्या गावी होते. पासवर्ड मी सरांना फोनवर दिला होता. त्या एका ओळीने माझ्या गावाची गणपतीची गाडी रद्द झाली, आणि ते गाव अजून मला बोल लावतं. आज मी गिटमध्ये एक नवी नोंद केली आहे, त्यात हे सगळं लिहिलंय. तेवढी तुम्ही वाचा."

"वाचते," मानसी म्हणाल्या. आता त्यांचा आवाज गोड नव्हता. "राजेशसर, आपण उद्या वेगळं बोलू."

पडदा काळा झाला. समीक्षाने डिस्कची वायर सोडवली, गुंडाळली, डिस्क रुमालात बांधून पर्समध्ये ठेवली. वरच्या कोंडाच्या गावकीत तिला जागा नव्हती ती नव्हतीच. बाप उद्याही दाराशीच बसणार होता. ती दारापर्यंत गेली.

"अंकू," राजेश मागून म्हणाला.

"ती लग्न होऊन गेली, सर," ती म्हणाली आणि जिना उतरली.